ॲपमधले अक्षर मोठे का होत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांना मोबाइल ‘जमत नाही’ असे सर्रास बोलले जाते. मी मोबाइल ॲप बनवण्याच्या कामात आहे आणि त्याआधी बरीच वर्षे अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी, केले आहे. दोन्हीकडे अक्षरांशीच संबंध आला, म्हणून या समजुतीबद्दल लिहावेसे वाटले. माझ्या मते बहुतेक वेळा दोष वापरणाऱ्याचा नसतो, ॲप बनवणाऱ्याचा असतो.

माझ्या आईने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सर्वांत मोठे करून ठेवले आहे. ते तिला कोणी शिकवावे लागले नाही. पण बिल भरायचे एक ॲप या सेटिंगला जुमानतच नाही, अक्षर मुंगीएवढेच राहते. दुसऱ्या ॲपमध्ये अक्षर वाढते, पण त्याची चौकट वाढत नाही. ‘देय रक्कम’ या ओळीत 1,840 रुपयांतले शेवटचे दोन आकडे शेजारच्या बटणाखाली जातात. किती पैसे भरायचे तेच दिसत नसेल तर ती फोन शेजारच्या मुलाच्या हातात देणार नाही तर काय करणार?

हे का होते ते सांगतो. डिझायनर स्क्रीनचे चित्र तयार करतो आणि त्यात अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांत, लिहितो. पण पिक्सेल सगळ्या फोनवर सारखा नसतो. 42 पिक्सेलचे अक्षर 480 डीपीआयच्या (एका इंचात 480 ठिपके असलेल्या) फोनवर साधारण 2.2 मिलिमीटर भरते, 320 च्या स्वस्त फोनवर 3.3 आणि 560 च्या महागड्या फोनवर जेमतेम 1.9. म्हणून अँड्रॉइडमध्ये अक्षरांसाठी ‘एसपी’ हे एकक आहे. 160 डीपीआयच्या स्क्रीनवर एक एसपी म्हणजे एक पिक्सेल, 320 वर दोन, 480 वर तीन. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये अक्षर वाढवले की एसपीत दिलेले अक्षर आपोआप त्या प्रमाणात वाढते. ‘डीपी’ हे दुसरे एकक स्क्रीनचा हिशेब ठेवते, पण वापरणाऱ्याच्या सेटिंगकडे बघत नाही. ते चौकटी आणि मोकळ्या जागांसाठी आहे, अक्षरांसाठी नाही.

रूपांतर शाळकरी भागाकाराइतके सोपे आहे. चित्र 1080 पिक्सेल रुंदीचे, म्हणजे मूळ 360 च्या तिप्पट घनतेचे असेल तर 42 ला तीनने भागायचे आणि 14 एसपी लिहायचे. चित्र मुळात 360 रुंदीचे असेल तर आकडा जसाच्या तसा घ्यायचा. चित्र किती पटीचे आहे हे विचारायला एक मिनिट लागते, पण घाईत ते कोणी विचारत नाही. आयफोनवर डीपीसारख्या एककाला पॉइंट म्हणतात. तो मात्र छापखान्यातला, इंचाचा 72वा भाग असलेला पॉइंट नव्हे.

आता हिशेब आपल्या भाषेत करून बघा. 14 एसपी म्हणजे छपाईचे साधारण सव्वासहा पॉइंट, 12 एसपी म्हणजे साडेपाचच्याही आत. आपल्या दैनिकाचा अग्रलेख कोणी सहा पॉइंटात लावेल का? फोन डोळ्यांजवळ धरला जातो, हे मान्य. तरी ‘वैशिष्ट्ये’ किंवा ‘उद्दिष्ट’ हे शब्द 12 एसपीत वाचायला देणे मला पटत नाही. इंग्रजी अक्षर त्या आकारात निभावून नेते, पण आपली जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. आणि चित्र बहुतेकदा इंग्रजी मजकूर टाकूनच बनवलेले असते. ओळीची उंची त्या मापाने ठरते, मग मराठीत वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. ‘पूर्ण’ हा शब्द वरून आणि खालून दोन्हीकडे छाटलेला मी कामावर पाहिला आहे. अनुस्वार कापला गेला तर ‘बंद’चे ‘बद’ होते.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पुढच्या प्रकाराचा. मोठ्या अक्षरावर तपासणी केली की मांडणी बिघडते. मग बैठकीत नेहमीचे वाक्य येते, ‘फाँट लॉक करून टाका, लेआउट तुटतोय’, म्हणजे मांडणी वाचवायला अक्षराचा आकार कायमचा बांधून टाका. खरेच एका ओळीचा कोड लिहून अक्षर वाढण्याची सोय बंद करता येते. कोणी मुद्दाम एसपीऐवजी डीपी लिहितो. चित्र हुबेहूब उतरते, ग्राहक खूश होतो आणि ज्याला मोठे अक्षर हवे होते त्याचे दार लागते. अँड्रॉइडच्या 14व्या आवृत्तीने 2023 मध्ये अक्षर 200 टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. त्यात लहान अक्षर जास्त वाढते आणि मथळे कमी, म्हणजे मांडणीचाही विचार केलेला आहे. मजकूर 200 टक्के केल्यावरही काही गहाळ होऊ नये, असे वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष (सर्वांना वापरता यावे यासाठीचे नियम) 2008 पासून सांगत आहेत. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितले आहे. आता सबब सांगायला जागा उरलेली नाही.

महापालिका, बँका, रुग्णालये ॲपसाठी निविदा काढतात तेव्हा त्यात रंग आणि बोधचिन्ह यांच्या अटी असतात. त्यात आणखी दोन ओळी घालाव्यात. सर्व मजकूर एसपीत असावा आणि प्रत्येक स्क्रीन मराठी मजकुरासह, अक्षर सर्वांत मोठे करून तपासून दाखवावा. काम स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने ही तपासणी स्वतःच्या फोनवर करावी, पाच मिनिटे लागतात. वर्तमानपत्रांच्या ॲपनीही हे करावे, कारण त्यांचा बराच वाचक साठीपुढचा आहे.

वाचकांनाही विनंती आहे. सेटिंगमधल्या ‘डिस्प्ले’मध्ये जाऊन अक्षराचा आकार शेवटपर्यंत ओढा आणि रोज लागणारी ॲप उघडून पाहा. जिथे अक्षर वाढत नाही किंवा कापले जाते, त्या स्क्रीनचा फोटो काढून प्ले स्टोअरवर दिलेल्या ईमेलवर पाठवा. ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहिले तर कोणी लक्ष देत नाही. अक्षर कोणत्या स्क्रीनवर आणि कोणत्या शब्दापाशी कापले जाते ते लिहिले, तर दुरुस्त करणाऱ्याला नेमकी जागा सापडते.

आपला,
एक ॲप विकसक, कोथरूड, पुणे