बाबा, मी नक्की काय शिकते ते

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की लोकांनी विचारलं तर काय सांगू, मुलगी नक्की काय शिकतेय, आणि मी "नंतर सांगते, लॅब आहे" म्हणून फोन ठेवला. लॅब बिब काही नव्हती. एका वाक्यात मलाच सांगता येत नाही म्हणून हे लिहितेय. आई, तूच वाचून दाखव, बाबांना चष्मा सापडणार नाहीये.

आधी नाव. बायोसिस्टम्स आणि ॲग्रिकल्चरल इंजिनियरिंग. अमेरिकेतली या विषयाची जी मोठी संस्था आहे ती १९०७ ची, तिनंसुद्धा २००५ मध्ये नाव बदलून त्यात 'बायोलॉजिकल' घातलं, त्यामुळे नावाचा घोळ फक्त आपल्याच घरात आहे असं नाही.

"शेती शिकायला इंजिनियरिंग कशाला" हे बाबांचं वाक्य मला पाठ झालंय. अहो पण बाबा, पिकावर कुठला रोग पडला ते ॲग्रीवाले बघतात. आमच्याकडे पाइपाच्या शेवटच्या टोकालासुद्धा पहिल्याइतकंच पाणी कसं पडेल, ट्रॅक्टरच्या वजनानं माती किती दाबली जाते, शेणाचा गॅस, गोठ्यातली हवा, असलं सगळं येतं. गणितं बाकीच्या इंजिनियरिंगसारखीच, फक्त आमचं मटेरियल जिवंत असतं. लोखंडाची सळई गोदामात टाकली की ती गप पडून राहते, गहू मात्र श्वास घेतो. खरंच घेतो, ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि त्यात थोडं पाणी आणि उष्णता तयार होते, मग दाणा ओला असेल तर श्वास वाढतो, उष्णता वाढते, बुरशी धरते, ती आणखी उष्णता सोडते, आणि ढिगाच्या पोटात हात घातला तर चटका बसेल इतकं गरम.

आता एक कबुली. थर्मोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे उष्णतेच्या विषयात, मी पहिल्या वेळी नापास झाले होते आणि ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सुटलाय विषय, आई ओरडू नकोस. सुटला तो धान्य वाळवण्यामुळंच. सरांनी विचारलं होतं, १०० किलो धान्य, ओलावा २० टक्के, तो १४ वर आणायचा, पाणी किती काढाल? मी लगेच ६ किलो म्हणाले आणि अर्धा वर्ग पण तेच म्हणाला. चूक! कोरडा भाग ८० किलो, तो बदलत नाही, तोच शेवटी ८६ टक्के व्हायला पाहिजे, म्हणजे एकूण वजन ९३ किलो आणि पाणी जातं जवळजवळ ७ किलो. एक किलोचा फरक फार वाटत नाही पण हजार टनांना तो दहा टन होतो आणि तेवढं पाणी उडवायला इंधन जाळावं लागतं. त्या दिवशी कुठं मला थर्मो कळायला लागलं.

आणि कोठाराचा पत्रा न गळता वरचं धान्य का भिजतं माहितीये? थंडीत भिंतीजवळची हवा गार होऊन खाली उतरते, मधली ऊबदार हवा दाण्यांमधलं बाष्प घेऊन वर चढते, आणि वरचा थर गार असतो तिथं ते पाणी सोडते. सगळे छपराला दोष देतात. त्यासाठी खालून पंख्यानं हळूहळू हवा सोडून सगळा ढीग एकाच तापमानाला आणायचा असतो.

म्हणून मी प्रोजेक्ट बदललाय. ट्रॅक्टर सोडला, साठवण घेतली. बाबांना वाईट वाटेल, ट्रॅक्टरजवळचा माझा फोटो त्यांनी सगळ्यांना दाखवलाय. पण सायलोचं, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टाकीचं, गणित बघा, विहिरीत जितकं खोल तितका दाब वाढतो, धान्याचा मात्र काही खोलीनंतर जवळजवळ वाढतच नाही, कारण दाणे भिंतीला घासून आपला भार भिंतीवर टाकतात. हे यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनियरनं १८९५ मध्ये मांडलं, आम्ही अजून तेच सूत्र वापरतो. आणि हो, धान्य खालून निघत असताना मी सायलोच्या आत कधीच उतरणार नाही, माणूस त्यात काही सेकंदांत रुततो, आमचा पहिला नियमच तो. हे आईसाठी.

एक काम आहे बाबा. तुम्ही दाणा दाढेखाली धरून सांगायचात, अजून दोन दिवस वाळू दे. इथं मी एक ओलावा मोजायचं यंत्र तपासतेय, नमुना ओव्हनमध्ये सुकवून वजनातल्या फरकाशी आकडा ताडून बघायचा. गाइडना तुमचं सांगितलं तर ते म्हणाले, विचार त्यांना, दाढेला नक्की काय कळतं, आवाज, कडकपणा, की दाणा कसा फुटतो ते. तेवढं नीट आठवून ठेवा, रविवारी फोन करते. आणि उजवीकडची दाढ काढल्यापासून कुठल्या बाजूनं चावता तेही सांगा, की चावणंच सोडलंय?

तुमची,
धाकटी