जुन्या चर्चला सिमेंटचा गिलावा नको

महोदय,

पाऊस सरला की वसईतल्या गावोगावच्या चर्चमध्ये डागडुजी निघते. नंदाखाल, निर्मळ, सांडोर, रमेदी या धर्मग्रामांची (एका चर्चखालच्या वस्त्यांची) सुरुवात पोर्तुगीज अमलातली, म्हणजे १७३९च्या आधीची. इथले चर्च मिस्सेपुरते, म्हणजे उपासनेपुरते कधीच नव्हते. बॅसीन कॅथॉलिक बँकेची सहकारी सुरुवातही १९१८ साली एका धर्मगुरूच्या, मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने झाली. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवह्यांत तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. अशा वास्तूची दुरुस्ती घाईने उरकू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

चुन्यात बांधलेली दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळते. त्यावर सिमेंट थापले, वर प्लास्टिक रंग दिला की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात. दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. ते दिसतात तरी. भिंतीत बसवलेली सागवानी तुळयांची टोके आतल्या आत कुजतात, ती छप्पर खचेपर्यंत कळत नाहीत. अंगणात दर काही वर्षांनी पेव्हर ब्लॉकचा नवा थर घालणे हेही तितकेच घातक, कारण जोते बुडते आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीतच शिरते.

म्हणून आधी अंगण खाली घ्यावे, पन्हळी व गटारे मोकळी करावीत. मग सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढून भिंत सुकू द्यावी; याला महिने लागतात, सणाची तारीख पाहून ठेकेदाराला घाई करू नये. कळीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवावा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. ओलसर जागी थोडी वाळू कमी करून विटांची सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) घालावी. किनाऱ्याची वाळू अजिबात नको, तिच्यातूनही क्षार येतात. एक थर दहा-बारा मिलिमीटरच असावा. तो आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. उन्हात भराभर वाळला तर तडकतो.

काम चालू असताना नोंदवह्या दुसरीकडे हलवाव्यात. परत आणल्यावर कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. फाटकी पाने लॅमिनेट करू नयेत. ते प्लास्टिक पुढे कागद सोडत नाही. वह्या हलवण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्यावे.

– वसईतील काही धर्मग्रामस्थ