ब्यूमॉन्ट भावंडांच्या प्रकरणाबाबत सदस्यांना सूचना

सर्व सदस्यांना नम्रपणे कळविण्यात येते की, ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या ग्लेनेल्ग समुद्रकिनाऱ्यावरून २६ जानेवारी १९६६ रोजी बेपत्ता झालेल्या जेन (९), आर्ना (७) आणि ग्रँट (४) या भावंडांचा छडा अद्याप लागलेला नसल्यामुळे, या प्रकरणावर लिहिताना कोणालाही परस्पर गुन्हेगार ठरवू नये आणि ऐकीव माहिती पुढे पाठवू नये. अशा गोष्टींचा घाव कुटुंबालाच बसतो. १९६८ साली जेनच्या नावाने आलेल्या पत्रांवर भिस्त ठेवून आईवडील मुलांना आणायला सांगितलेल्या जागी गेले, वाट पाहत राहिले, पण कोणीच आले नाही; ती पत्रे एका किशोरवयीन मुलाने खोडसाळपणे लिहिली होती, हे बोटांच्या ठशांवरून उघड व्हायला १९९२ साल उजाडले. मुले परतलीच तर त्यांना घर सापडावे, म्हणून हे दाम्पत्य कित्येक वर्षे तिथेच राहिले. आई २०१९ मध्ये आणि वडील २०२३ मध्ये, उत्तर न मिळताच गेले. एका कारखान्याच्या आवारात २०१३, २०१८ आणि २०२५ मध्ये झालेल्या खोदकामांतूनही काही निष्पन्न झाले नाही. कोणाकडे खरोखरच ठोस माहिती असल्यास ती गटात न टाकता थेट साउथ ऑस्ट्रेलिया पोलिसांकडे द्यावी.