पाळकसाहेब, हे आभार सगळ्यांसमोरच मानायचे होते

पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

घरी येऊनही हे सांगता आलं असतं, पण इथे मुद्दाम लिहितोय, कारण सांगली-मिरजेकडच्या दुसऱ्या कुठल्या मंडळीवर, म्हणजे चर्चवर, अशी वेळ आली तर त्यांनाही उपयोग होईल.

बाहेरून आलेला तो प्रचारक घरोघरच्या प्रार्थनासभांत सांगत सुटला होता की खरा विश्वास असेल तर गोळ्या कशाला लागतात, आजार जात नाही म्हणजे तुमच्यातच काहीतरी पाप आहे, आणि वर आशीर्वाद हवा तर पैशाचं बीज पेरा, म्हणजे त्याला पैसे द्या. आमच्या मावशीने ते ऐकून इन्सुलिन बंद केलं. ज्या मिरजेत 1894 मध्ये मिशनचा दवाखाना सुरू झाला, आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या आज्या जिथे नर्स होत्या, तिथे येऊन ख्रिस्ताच्या नावाने औषध सोडायला सांगायचं, याचा मला अजूनही संताप येतो.

मंडळीत काहीजण म्हणत होते पुलपिटवरून, म्हणजे उपदेश देताना, नाव घेऊन झाडा त्याला, काहीजण म्हणत होते गप्प बसा, उगाच मंडळी फुटेल. तुम्ही घाबरलाही नाहीत आणि तापलाही नाहीत. आधी मावशीकडे आलात, स्वयंपाकघरातच स्टुलावर बसलात, तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग बायबल तिच्याच हातात देऊन दुसरं तीमथ्य 4:20 वाचायला लावलं. आपला सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावात ठेवलं असं प्रेषित पौल तिथे लिहितो. तुम्ही एवढंच विचारलंत, "ताई, मग विश्वास कुणाचा कमी होता, पौलाचा का त्रफिमचा?" मावशी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, हे त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही.

आणि मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. बरं होण्यासाठी प्रार्थना करणं तुम्ही सोडलं नाहीत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे तसं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, घेऊन आलात, तेल लावून प्रार्थना केलीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर तपासायला स्वतः गाडीवरून घेऊन गेलात. डॉक्टरांनी इन्सुलिन परत सुरू केलं.

बुधवारच्या बायबल अभ्यासात मग आजारी पडलेले पौलाचे सोबती, म्हणजे तीमथ्याचं दुखरं पोट, मरणाला टेकलेला एपफ्रदीत, शिवाय पौलाच्या शरीरातला काटा, प्रिय वैद्य लूक, सगळं निघालं. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात तपासून पाहिलं, मग माझंही तपासा असं तुम्ही म्हणालात. पाळकाने असं म्हणायला छाती लागते, आणि वचनावर पक्का भरवसा असल्याशिवाय ती येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्या प्रचारकालाही दोन वडिलांना घेऊन जाऊन भेटलात, अभ्यासाला बोलावलंत. तो आला नाही ते त्याचं त्याच्यापाशी. पण जी घरं त्याच्याकडे गेली होती ती परत उपासनेला आली तेव्हा कुणी टोमणा मारायला लागलं की तुम्ही तिथल्या तिथे थांबवायचात, हे मी स्वतः बघितलंय.

आमच्या घरातल्या सगळ्यांकडून मनापासून आभार. मावशीची शुगर आता आटोक्यात आहे आणि ती बुधवारी सगळ्यात पुढे बसते. तरुण संघाची पोरं आता अभ्यासाला पौलाचं गलतीकरांस पत्र घ्या म्हणून मागे लागलीत, या आठवड्यात तुमच्याकडे येतील, त्यांना नाही म्हणू नका.

तुमच्या मंडळीतला एक