नशिबाचं नाव पण घ्या की कधीतरी

संपादक साहेब,

निकाल लागले की आपल्या पेपरात पोरांचे फोटो येतात आणि खाली ठरलेलं वाक्य, जिद्द आणि कष्टाच्या जोरावर. येऊ देत, पण नशिबाचं नाव कुणीच काढत नाही म्हणून लिहितोय. पत्रिकेतलं नशीब नाही म्हणत मी, शनीबिनी सोडा.

२०१९ च्या ऑगस्टला सांगलीत महापूर आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही विश्रामबागला राहायचो, माझा दोस्त नदीजवळच्या गावभागात. तो माझ्यापेक्षा हुशार, मॅथ्सच्या पेपरातनं मला बाहेर काढला त्यानंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमच्या दारात चिखलसुद्धा आला नाही, लाइट जायची आणि दूध मिळेना, एवढाच काय तो आमचा महापूर. त्याचा खालचा मजला पूर्ण पाण्यात, लॅपटॉप गेला, वडिलांच्या शिलाई मशिनी गेल्या, आणि मार्कलिस्ट लोखंडी पेटीत होत्या त्या पाणी उतरल्यावर काढल्या तर एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला, आम्ही दोघांनी एकेक सोडवून पत्र्यावर वाळत घातल्या, वर दगड ठेवून. पुढच्याच महिन्यात कॅम्पस इंटरव्ह्यू. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तो दुकानातला गाळ काढत होता. कंपनीला थांबा म्हणायला कॉलेजनं एक फोन केला असता तर बिघडलं नसतं, पण जाऊ दे.

मला नोकरी लागली. कॉलनीत सत्कार, शाल-नारळ, "पोरानं कष्ट केले हो". केले, नाही कुठं म्हणतोय, पण आजोबांनी त्या काळी इकडं माळावर प्लॉट घेतला त्याचा उपयोग जास्त झाला, आणि तो पण त्यांनी गावात परवडेना म्हणून घेतलेला!

कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते पोरांना कष्टावर भाषण देऊन घरी पाठवायला नाही, आधी राहायची-जेवायची सोय लावली, मग कामाला पण लावलं. आपण भाषण तेवढं ठेवलंय.

दोस्त दोन वर्षांनी पुण्यात लागला, बरं चाललंय त्याचं. फोटो काही आला नाही कुठं. तर यंदा मुलाखती घ्याल तेव्हा "किती तास अभ्यास केला" याच्या जोडीला "घरी त्या वर्षी काय काय नीट होतं" हे पण विचारा की.

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली