बाण हलले तेव्हा

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

अपडेटनंतर कॉम्प्युटरवर टाइप होत नव्हतं, ते परवा रात्री आपण फोनवर बोलत दुरुस्त केलं, पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. बाबा, तुम्ही तीनदा म्हणालात, "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं." तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. घाईत फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मशीन चालू केल्यावर पहिले काही क्षण मदरबोर्डच कीबोर्ड सांभाळतो. मग लिनक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, ताबा घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, कीबोर्ड चालवतो. त्या दिवशी अपडेटमध्ये नवा कर्नल बसला, पण त्याचे सगळे ड्रायव्हर बसायच्या आत लाइट गेली. म्हणून पासवर्डची चौकट दिसत होती आणि अक्षर एकही उमटत नव्हतं. माऊसचंही तेच. तुम्ही पावसात जाऊन नवा कीबोर्ड आणलात, तोही चालला नाही, म्हणजे दोष कीबोर्डात नव्हताच.

दुकानात "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले तेव्हा आईचा आवाज कापत होता. आई, तुझी काळजी खरी होती. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणं. तू आठवून सांगितलेल्या आणि बाबांनी एकेक करून टाइप केलेल्या आजीच्या ओव्या त्यात गेल्या असत्या. पण त्या होम फोल्डरमध्ये आहेत आणि अपडेट त्यांना हात लावत नाही.

बाबा, पुन्हा असं झालं तर परवाचंच करायचं. वहीत लिहून ठेवा. मशीन चालू केल्याबरोबर शिफ्ट दाबून धरायची. काळ्या पडद्यावर ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी येते. तिथे बाणाची बटणं चालतात, कारण कर्नल अजून आलेलाच नसतो. परवा तुम्ही म्हणालात, "बाण हलतोय गं," तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. यादीतल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' वर एंटर मारायचं. आत पहिली ओळ नव्या कर्नलची, दुसरी त्याच्याच रिकव्हरी मोडची आणि तिसरी जुन्या कर्नलची. तिसरी घ्यायची. अपडेट झालं तरी मागचा कर्नल लगेच काढला जात नाही, तो अशाच वेळेसाठी ठेवलेला असतो. जागा वाचवायला म्हणून तो कधी काढू नका.

पुढचं काम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, होतं. सुडो, डीपीकेजी, दोन डॅश आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, मग जागा सोडून एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेली बसवणूक त्याने पुरी होते. मग सुडो आप्ट इन्स्टॉल, डॅश एफ, म्हणजे राहून गेलेली पॅकेजं येतात. चष्मा पुसत, प्रत्येक अक्षर मला परत वाचून दाखवत तुम्ही हे एकही चूक न करता टाइप केलंत. रीस्टार्ट केल्यावर नव्या कर्नलवरही कीबोर्ड चालला.

अपडेट बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. फक्त चिपळूणची लाइट आणि हा पाऊस पाहता यूपीएस घेऊ या. पैसे मी पाठवते, नाही म्हणू नका.

रविवारी फोन करेन तेव्हा पेनड्राइव्ह जवळ ठेवा, ओव्यांची एक प्रत काढून घेऊ. आणि आई, लाइट गेली तेव्हा माहेरच्या वाटेची ओवी अर्धीच राहिली होती. ती तेव्हा मला म्हणून दाखव, बाबा टाइप करतील.

तुमची,
मनी