घटस्थापनेला पहिलं बी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर म्हणालात की या पावसातच अख्खा परस खणून भाजी लावतो. तेव्हापासून ते मनात घोळतंय. परसबाग मलाही हवी आहे. पण भर पावसात नको, आणि अख्खा परस तर नकोच. गेल्या जुलैची मेथी आठवते ना? चार दिवसांत उगवली आणि पुढच्या झडीत मुळाशी कुजून आडवी झाली. तुमचं काही चुकलं नव्हतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कोवळ्या पालेभाजीला ते सोसत नाही. भेंडी, दोडका, कारलं पावसात येतात, पण ती मृगाच्या सुमारास टोकायची. ती पुढच्या जूनमध्ये लावू.

आपण घटस्थापनेला सुरुवात करू. आई, तू दरवर्षी पत्रावळीवर माती पसरून घटाभोवती धान्य पेरतेस, त्याच दिवशी परसातही बी पडू दे. तोवर पावसाचा जोर ओसरतो, मातीत ओल असते आणि पुढे थंडी लागते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांना हेच दिवस मानवतात.

खणायचं मात्र नाही. बाबांचे गुडघे आणि तुझी कंबर, दोन्ही सांभाळायचं आहे. विहिरीकडे दुपारपर्यंत ऊन असतं, तिथे विटांचा गुडघाभर उंच वाफा रचून घेऊ. लांबी ६ फूट, रुंदी ३ फूटच, म्हणजे स्टुलावर बसून दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचेल. खालच्या थरातून पाणी वाहून जायला जागा ठेवू. तळाला नारळाची सोडणं आणि पालापाचोळा, वर दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत. खत पुरतं कुजलेलं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळंच खातात. कुणी फुकट ताजं शेण देऊ केलं तर घ्या, पण ते कोपऱ्यात कुजायला टाका.

मेथी सगळी एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक ओळ पेरलीत की महिनाभराने दर दहा दिवसांनी ताजी जुडी निघत राहील. दोघांना तेवढी पुरे. धणे वहाणेने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. आई, कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. उगवली नाही म्हणून माती उकरून बघू नकोस, तू बघतेस हे मला माहीत आहे! पालक उपटायचा नाही, दोन बोटं ठेवून कापायचा, तो परत फुटतो.

टोमॅटो आणि वांग्याचं बी त्याच दिवशी एका कुंडीत टाका. चार-पाच आठवड्यांनी वीतभर रोपं झाली की लावता येतील. टोमॅटोची चार आणि वांग्याची दोन रोपं बास. वाफ्यात गर्दी झाली तर ती कुंडीत लावा. मावा पडला तर आधी पाण्याच्या धारेने धुवून काढा, औषधाच्या दुकानात लगेच जाऊ नका.

फ्लॉवर-कोबी यंदा नको. त्यांच्या अळ्यांमागे रोज धावावं लागेल.

घटस्थापनेच्या आदल्या रविवारी मी येते. विटा तिकडेच सांगून ठेवा, रचायला गड्याला बोलवा. बाबा, तोवर कुदळ माळ्यावरच राहू द्या. बी मी इथून घेऊन येईन, आणि आई, तुझ्याकडचे मागच्या वर्षीचे गावठी धणे असतील तर मूठभर बाजूला काढून ठेव.

तुमची,
धाकटी